वस्तू परत करायला गेल्यावर काउंटरवरचा माणूस उर्मट बोलला, तर?

प्रश्न थोडक्यात असा. खांद्याला अडकवायची बॅग घेतली, तिसऱ्यांदा वापरताना तिच्या चेनचे दात निखळले. पावती जपून ठेवलेली, परतीची मुदत पंधरा दिवसांची आणि त्यातले चारच दिवस गेलेले. दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या मुलाने बॅगेकडे धड पाहिलंही नाही. "जोरात ओढली असणार तुम्ही. आम्ही काय फुकट वाटायला बसलोय?" असं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा आवाज कापायला लागला आणि त्या बॅग उचलून घरी आल्या. आता घरचे म्हणतात सोडून दे, मैत्रीण म्हणते जाऊन चांगलं सुनाव. "सुनावणंच मला जमत नाही," असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

मी नऊ वर्षं परतीच्या काउंटरवर उभी राहिले आणि नंतर बरीच वर्षं अशा काउंटरवरच्या मुलामुलींना शिकवलं. तिथला उर्मटपणा मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय. खरं सांगायचं तर केलाही आहे, ते पुढे येईलच.

सुनावणं जमत नाही, ही तुमची अडचण नाहीच. फर्डं सुनावणाऱ्यांची कामं मी स्वतः अडवून ठेवली आहेत आणि खालच्या आवाजात बोलणाऱ्यांची पाच मिनिटांत करून दिली आहेत. गडबड वेगळ्या ठिकाणी झाली. तुम्ही बॅगेसाठी गेला होतात. तो मुलगा "तुम्ही ओढली" म्हणाला त्या क्षणी बॅग बाजूला पडली आणि तिच्या जागी तुम्ही स्वतः काउंटरवर आलात: खरं बोलताय की खोटं, भांडखोर आहात की भोळ्या. तिथून पुढे चेनबद्दल एक शब्दही कोणी बोललं नाही. बॅगेचं भांडण त्या काउंटरवर मिटू शकतं. अपमानाचं भांडण तिथे आजवर मी एकदाही मिटलेलं पाहिलं नाही. ते करायचंच असेल तर पैसे हातात पडल्यावर, दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाकडे.

आता त्या काउंटरच्या आतलं थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय तो मुलगा तसा का वागला हे कळणार नाही, आणि त्याच्याकडून काम करून घेता येणार नाही.

वस्तू विकणाऱ्याच्या नावावर विक्री लागते, काही ठिकाणी त्यावर कमिशनही असतं. परत घेणाऱ्याच्या नावावर काहीच लागत नाही. त्यात पैसे परत देणं हे गल्ल्यावरचं सगळ्यात संशयाचं काम. कर्मचाऱ्यानेच खोटी परत दाखवायची आणि पैसे खिशात घालायचे, ही फार जुनी चोरी आहे. म्हणून बऱ्याच मोठ्या दुकानांत परतीच्या व्यवहाराला वरिष्ठाचं कार्ड, किल्ली किंवा पिन लागतो. त्यामुळे होतं काय, की समोरच्या मुलाला 'नाही' म्हणायला कोणाला विचारावं लागत नाही. 'हो' म्हणायला मात्र कोणाला तरी बोलवावं लागतं, आणि बोलावलेला माणूस बहुतेक वेळा हातातलं काम टाकून, कपाळाला आठ्या घालून येतो. दिवसात पंधरा वेळा हाक मारणारा नवखा मुलगा महिन्याभरात पाचच वेळा हाक मारायला शिकतो. उरलेल्या दहा गिऱ्हाइकांना तो स्वतःच परतवतो. गोड बोलून परतवायला वेळ लागतो, शब्द शोधावे लागतात. तोडून बोललं की माणूस आपोआप निघून जातो. तुम्ही गेलात तशा.

म्हणून तिथे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न मनात हा हवा: या माणसाला 'हो' म्हणायचा अधिकार आहे का? बहुतेक वेळा नसतो. ज्याच्या हातात 'हो' नाही त्याच्याशी वाद घालणं म्हणजे कुलपाशी बोलणं. किल्ली कोणाकडे आहे तेवढं विचारायचं.

दुसरं, परतीच्या काउंटरवर रोज थोडेतरी लबाड येतात. कपडा एका समारंभात घालून, टॅग आत खोचून, दुसऱ्या दिवशी 'माप बसलं नाही' म्हणून आणणारे. जुनं यंत्र नव्या खोक्यात घालून आणणारे. दुसऱ्याच दुकानातली वस्तू दाखवणारे. हे शंभरात फार थोडे असतात, पण लक्षात तेच राहतात, कारण ते अंगावर आलेले असतात. मग कर्मचारी हळूहळू प्रत्येकाला त्याच डोळ्यांनी बघायला लागतो. मी हे त्याची बाजू घ्यायला सांगत नाहीये. तुमच्याबद्दल त्याने जे म्हटलं ते तुमच्याकडे पाहून म्हटलं नव्हतं, इतकंच. आधीच्या कोणाचा तरी राग तुमच्या वाट्याला आला.

'गिऱ्हाईक नेहमीच बरोबर असतं' हे वाक्य गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या दुकानदारांनी रूढ केलं. शिकागोचे मार्शल फील्ड आणि १९०९ मध्ये लंडनला आपलं दुकान उघडणारे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांच्या नावावर ते सांगितलं जातं. मालकाला ते परवडतं. काउंटरवरच्या पोराला मात्र चुकीच्या गिऱ्हाइकालाही हसून बरोबर म्हणावं लागतं आणि त्या हसण्याचा वेगळा पगार नसतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये अशा कामाला 'भावनिक श्रम' हे नाव दिलं: आत काहीही चाललेलं असो, चेहऱ्यावर कंपनीला हवा तोच भाव ठेवायचा. प्रशिक्षणात मी हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचं, "आणि हे श्रम संपले की?" संपले की काय होतं, ते तुम्ही त्या काउंटरवर पाहिलंत.

आता माझी गोष्ट. माझ्या काउंटरवर एक वयस्कर बाई चपला घेऊन आल्या. एका पायाचा तळ पुढून सुटला होता. मी तळाला लागलेली धूळ पाहिली आणि म्हणाले, "वापरून आणल्यात की." त्या म्हणाल्या, "चपला वापरायच्या नाहीत तर काय करायच्या?" रांगेतले दोघेतिघे हसले. मला ते लागलं आणि मी आडून बसले. वरिष्ठ कामात आहेत, नंतर या, असं काहीबाही सांगितलं. त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात त्याच खेपेच्या आणखी तीन जोड्या त्याच जागी सुटून आल्या. तो सगळा लॉट आम्ही पुरवठादाराकडे परत पाठवला. त्या बाई परत आल्या नाहीत, आणि पावती त्यांच्याकडेच असल्यामुळे त्यांना शोधायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या बरोबर होत्या, शिवाय त्यांचं उत्तरही बिनतोड होतं. पण त्या उत्तराने चपलांचा विषय संपला आणि माझ्या मानाचा सुरू झाला. त्यांनी तेवढंच वाक्य गिळून तळाकडे बोट दाखवलं असतं, तर मला तो सुटलेला डिंक पाहावाच लागला असता.

यातून दोन उपयोगाच्या गोष्टी निघतात. एक, दोष बहुधा एकट्या वस्तूत नसतो, खेपेत असतो. म्हणून "याच बॅगांच्या अजून काही परती आल्यात का?" हा साधा प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळो न मिळो, समोरचा क्षणभर तुमच्यावरून नजर काढून मालाकडे वळवतो. दुसरं, टोमण्याला सुंदर उत्तर सुचलं तर ते मैत्रिणीसाठी राखून ठेवा.

जाण्याआधी घरी करायची तयारी फार नाही, पण एक गोष्ट पक्की हवी: तुम्ही हक्काने मागताय की सवलत मागताय? लोकांचा इथेच घोळ होतो. वस्तूत दोष असेल तर बहुतेक देशांत तो कायद्याचा विषय आहे. रंग आवडला नाही, घरी गेल्यावर नको वाटली, कोणी तीच भेट दिली, हा बहुतेक ठिकाणी दुकानाच्या मर्जीचा विषय आहे. दुकानाने 'तीस दिवसांत काहीही कारण न विचारता परत' असं लिहून दिलं असेल तर त्याला ते पाळावं लागतं, पण ती त्याने स्वतः होऊन दिलेली सवलत असते आणि तिला अटी असू शकतात: टॅग, मूळ खोकं, पैशांऐवजी क्रेडिट नोट (म्हणजे त्याच दुकानात तेवढ्या रकमेची खरेदी करायची चिठ्ठी).

दोषाच्या बाबतीत कायदे काय म्हणतात याची थोडी कल्पना असावी. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, आणि पावतीवर मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावती न देणं हेही त्याच यादीत आहे. ऑस्ट्रेलियात 'पैसे परत मिळणार नाहीत' अशी सरसकट पाटी लावणंच बेकायदा आहे. म्हणजे भिंतीवरची पाटी हा कायदा नव्हे. ती दुकानदाराची इच्छा असते, मोठ्या अक्षरांत लिहिलेली.

उलट बाजूही सांगते. अमेरिकेत केवळ मन बदललं म्हणून वस्तू परत घ्यायची सक्ती करणारा देशपातळीवरचा सर्वसाधारण कायदा नाही. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, पण दुकानात जाऊन, हातात घेऊन, पाहून घेतलेल्या वस्तूला तो नियम लागत नाही. शिवाय मापाने खास बनवून घेतलेल्या वस्तू, आरोग्याच्या कारणाने सीलबंद असलेल्या आणि सील फोडलेल्या वस्तू, नाशवंत माल, हे त्या १४ दिवसांतूनही वगळलेले आहेत. तेव्हा सवलत मागायला गेलात तर सवलत मागतोय याचं भान ठेवून बोला. हक्काच्या सुरात मागितलेली सवलत मीही नाकारली आहे, आणि ते उर्मटपणाने केलं नव्हतं.

तुमची गोष्ट दोषाची आहे. तेव्हा तुम्ही निर्धास्त असा.

कागदाचं म्हणाल तर पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण बऱ्याच पावत्यांचा कागद उष्णतेने छपाई होणारा असतो आणि उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिला की अक्षरं उडतात. दोषाचे दोन फोटो, एक जवळून, एक पूर्ण वस्तूचा. कार्डाने पैसे दिले असतील तर तेच कार्ड बरोबर न्या. पैसे बहुधा ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जातात, यात तुमच्यावर अविश्वास नसतो. वेळ सकाळची, दुकान उघडून तासभर झाल्यावरची, आणि शक्यतो सुट्टीचा दिवस टाळून. बंद व्हायच्या अर्धा तास आधी तर जाऊच नका. तेव्हा गल्ल्याचा हिशेब लागत असतो आणि त्या वेळी कोणालाही परत नोंदवायची नसते. मीसुद्धा त्या अर्ध्या तासात 'सिस्टिम बंद आहे' असं म्हटलेलं आहे. ती चालू होती.

काउंटरवर गेल्यावर चार वाक्यं पुरतात. "ही बॅग मला परत करायची आहे. ही पावती, पाच तारखेची. चेनचे दात इथे निखळलेत, हे पाहा. मला पैसे परत हवेत." आणि गप्प. लोक इथे थांबत नाहीत. कोणासाठी घेतली, कुठे निघालो होतो, चेन निघाली तेव्हा कशी फजिती झाली, आधी वाटलं आपलंच काही चुकलं असेल... हे सगळं तुम्ही प्रामाणिकपणे सांगता, पण ऐकणाऱ्याला त्यातलं एकच वाक्य सापडतं: "आपलंच काही चुकलं असेल." 'त्रास देतेय, सॉरी हं' अशी सुरुवातही नको. माफी आधीच मागितलीत की समोरचा ती स्वीकारतो.

काय हवंय ते पहिल्याच दमात सांगण्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही सांगितलं नाहीत तर तो ठरवतो, आणि तो दुकानाला सोयीचं ठरवतो: आधी दुरुस्ती, मग बदली, मग क्रेडिट नोट, आणि पैसे सगळ्यात शेवटी. कुठे किती मिळेल हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर आहे. काही ठिकाणी दुकानाला आधी दुरुस्तीची किंवा बदलीची संधी मागता येते. पण बोलणी तुमच्या मागणीपासून सुरू झाली तर निम्मं काम झालेलं असतं.

आणि आता तो उर्मटपणा. तो एका जातीचा नसतो.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागतो तो आरोप. "तुम्हीच तोडलंय." याला "मी नाही तोडलं" हे उत्तर कधीच देऊ नका. कारण मग तुम्ही आरोपी झालात आणि पुरावा तुमच्याकडून हवा. उत्तर प्रश्नाच्या रूपात असू द्या: "ओढून तुटली असती तर बहुधा कापड फाटलं असतं किंवा शिवण उसवली असती. इथे कुठे तसं दिसतंय का, दाखवा." आवाज तोच, जो पहिल्या चार वाक्यांत होता. एकच काम करा, बोलताना बोट वस्तूवर ठेवा. हे मी शिकवलेल्या मुलांना गिऱ्हाइकांसाठी सांगायचे, दोन्ही बाजूंना लागू आहे. बोट वस्तूवर असलं की दोघांच्या नजरा खाली जातात, आणि दोन माणसं एकाच गोष्टीकडे पाहत असली की भांडण पेटायला वेळ लागतो.

दुसरी जात दुर्लक्षाची. तो फोन बघतो, सहकाऱ्याशी बोलतो, तुमच्या मागच्याला आधी घेतो. हे अपमानासारखं वाटतं पण बहुतेक वेळा ते वेळकाढूपण असतं, तुम्ही कंटाळून जाल या आशेवर. "मी घाईत नाही, तुमचं आटोपू द्या, मी इथेच आहे," एवढं म्हणून तिथेच उभं राहायचं. जागा सोडायची नाही.

तिसरी टोलवाटोलवी. "आम्ही फक्त विकतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." इथे आवाज गोडही असू शकतो, पण फसवण्यात हा प्रकार पहिल्या दोघांचा बाप आहे. पैसे तुम्ही कोणाला दिले? दुकानाला. पावती कोणाची? दुकानाची. तुमचा सौदा त्याच्याशी झालाय, आणि वर सांगितलेल्या युरोपीय, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन कायद्यांत सदोष वस्तूची पहिली जबाबदारी विक्रेत्याचीच धरलेली आहे. कंपनीची वॉरंटी ही त्याच्या वरची जास्तीची गोष्ट असते, तिच्यामुळे दुकानाला हात झटकता येत नाहीत. "पावती तुमची आहे, म्हणून मी तुमच्याकडे आलेय," हे वाक्य दोनदा, तीनदा, त्याच शब्दांत म्हणा. शब्द बदललेत की त्याला नवीन धागा सापडतो.

आणि चौथी, सगळ्यांसमोर लाज आणणं. तुमच्याबाबतीत झालं ते. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. रांगेतल्या लोकांना तुमच्या बाजूने घ्यायचा प्रयत्न करू नये, असं मला वाटतं. "बघा हो, कसा बोलतो" म्हणून मागे वळलात की प्रेक्षक तयार होतात, आणि प्रेक्षकांसमोर तो मुलगा माघार घेऊ शकत नाही. त्याला मागे सरकायला वाट ठेवली तर तो सरकतो. "आवाज जरा कमी केलात तर आपल्याला बोलता येईल," हे हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणा. मोबाईल काढून चित्रीकरण सुरू करण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. त्याने तो सभ्य होत नाही, गोठतो, आणि मग नियमाच्या बाहेर एक शब्द बोलत नाही. तुम्हाला तर नियमाच्या आतलं, पण त्याच्या इच्छेचं काहीतरी हवं असतं.

आरडाओरडा करून काम होतं का? होतं. काही दुकानं तमाशा टाळायला पैसे देऊन मोकळी होतात, हे मी नाकारणार नाही. आम्हीही दिलेत. फक्त त्यानंतर काउंटरच्या मागे जे बोललं जातं त्याचा फटका पुढच्या शांत माणसाला बसतो. आणि तुम्हाला ते जमत नाही म्हणालात, मग तो विषयच संपला.

कुलूप आणि किल्लीकडे परत येऊ. चार वाक्यं झाली, एकदा वस्तूकडे बोट दाखवून झालं, तरी तो 'नाही'वर अडला, तर तिसऱ्यांदा समजवायला जाऊ नका. विचारा: "हे तुमच्या हातात नसेल तर कोणाच्या हातात आहे?" 'मॅनेजरला बोलवा' यापेक्षा हे वाक्य मला फार आवडतं. 'मॅनेजरला बोलवा' मध्ये धमकी आहे, मुलगा लगेच ताठ होतो. यात त्याला सुटका आहे. "माझ्या हातात काहीच नाही हो" असं तो स्वतःच म्हणतो, आणि तुमच्यातला नि त्याच्यातला तंटा तिथेच विरतो. कितीतरी वेळा याच वाक्यावर मी स्वतः फोन उचललाय.

वरिष्ठ आला की नवी सुरुवात करा. पहिली चार वाक्यं पुन्हा, जशीच्या तशी. मुलगा कसा बोलला हे आत्ता सांगू नका! हे पाळणं सगळ्यात कठीण आहे, मला माहीत आहे. पण वरिष्ठासमोर तुम्ही त्याच्या माणसाची तक्रार केलीत की तो आधी त्याची बाजू घेतो, निदान तुमच्यादेखत. कर्मचारी चार लोकांसमोर तोंडघशी पडला तर उद्या तो नोकरी सोडून जाईल, तुम्ही मात्र आज ना उद्या परत याल, हा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. उलट तुम्ही एका शब्दाने काही बोलला नाहीत, आणि मुलगा बाजूला लाल चेहऱ्याने उभा आहे, तर झालं काय हे अनुभवी वरिष्ठाला आपोआप कळतं. मी वरिष्ठ झाल्यावर असे चेहरे पाहूनच निर्णय घ्यायचे.

वरिष्ठही नाही म्हणाला, तर मग एकच मागणी: "ठीक आहे. तुम्ही परत घेत नाही आणि का घेत नाही, हे पावतीच्या मागे लिहून तारीख आणि सही द्या." आवाज न चढवता. तोंडी 'नाही' फुकट असतं, लेखी 'नाही'ला नाव लागतं. माझ्या अनुभवात इथे निम्म्याहून जास्त वेळा 'थांबा, एकदा वर विचारून बघतो' असं उत्तर येतं. लिहून दिलंच नाही, तर बाहेर पडल्या पडल्या तुम्हीच लिहा: तारीख, वेळ, कोणाशी बोलणं झालं, ते काय म्हणाले, जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत. छातीवरच्या पट्टीवर नाव असतं. दिसलं नाही तर दिसण्याचं वर्णन नको, 'सकाळी अकराला परतीच्या काउंटरवर असलेले' एवढं पुरतं, त्यांच्याकडे हजेरी असते.

त्याच दिवशी दुकानाच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा. दहा ओळींच्या आत, पावतीचा आणि दोषाचा फोटो जोडून, काय हवंय आणि किती दिवसांत हवंय ते सांगून. तक्रार विभागातला माणूस तुमचा राग वाचत नाही, तो तीन गोष्टी शोधतो: पावती क्रमांक, दोष, मागणी. त्या पहिल्या तीन ओळींत सापडल्या तर मेल पुढे सरकतो. त्याने नाही झालं तर पुढची दारं आहेतच: कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध दाद, त्याला मुदत असते म्हणून लवकर; आणि त्या त्या देशाची ग्राहक तक्रार यंत्रणा, भारतात त्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथेही कामाला येतं ते तुम्ही लिहून ठेवलेलं.

अपमानाचं काय? ते मी विसरलेले नाही. पैसे मिळाल्यावर, दोनतीन दिवसांनी, राग निवल्यावर वेगळं पत्र लिहा, ज्यात परतीची मागणी नाही. मग ते पत्र पैशांसाठी दबाव आणायला लिहिलंय असं कोणाला म्हणता येत नाही आणि ते जास्त गंभीरपणे वाचलं जातं. त्यात विशेषणं नकोत. 'उद्धट', 'माजोरडा', 'लाज वाटली पाहिजे' असलं काही नको. त्याचं वाक्य अवतरणात घाला: "आम्ही काय फुकट वाटायला बसलोय?" आणि ते किती लोकांसमोर म्हटलं ते लिहा. प्रशिक्षणात मी अशी पत्रं वाचून दाखवायचे. शिव्या असलेल्या पत्रावर मुलं हसायची. ज्यात त्यांचंच वाक्य कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवलेलं असायचं, ते वाचताना कोणी मान वर करत नसे. पत्रात त्याला कामावरून काढा असंही लिहू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि तसं लिहिलं की वाचणारा त्याच्या नोकरीची काळजी करायला लागतो. आणि जर वरिष्ठ चांगला वागला, तर तेही एका ओळीत लिहा. अशी ओळ फार क्वचित येते, ती जपून ठेवतात.

काही वेळा सोडून देणंही योग्य असतं, यात कमीपणा नाही. वस्तू किरकोळ आहे, तब्येत बरी नाही, पुन्हा तिथे जायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो, तर खुशाल सोडा किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पावती देऊन पाठवा. परत आणायला मूळ खरेदीदारच हवा असं बऱ्याच दुकानांत नसतं, पावती हवी असते. पण तुमच्या पत्रावरून वाटतं, बॅगेपेक्षा तुम्हाला ते गुपचूप घरी निघून येणं जास्त सलतंय. तसं असेल तर स्वतः जा.

तुमच्याकडे अजून बरेच दिवस आहेत, पण आठवडा जाऊ देऊ नका. सकाळी जा. तोच मुलगा समोर असेल तर रांग बदलू नका, त्याच्याकडेच जा, आणि मागचं काही झालंच नाही अशा सुरात चार वाक्यं म्हणा. तो बहुधा ओळखेल आणि काय करावं हे त्याला सुचणार नाही, तेवढा वेळ तुमचा. काही अडलं तर कोणाच्या हातात आहे ते विचारा. आणि दरम्यान कोणी म्हणालं की पक्कड लावून चेन बसवून देतो, तर नको म्हणा. निखळलेले दात आहेत तसेच राहू देत. बॅग कापडी पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर चेनची बाजू वर करून ठेवा.